कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान शेजारच्या देशांत न्यायचं असेल, तर आधी एकच सीमा ओलांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही नवरा-बायको चार वर्षं कोल्हापुरातून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. स्वतःची वेबसाइट आहे, इन्स्टाग्रामवरूनही मागणी येते, महिन्याला साधारण अडीचशे जोड देशभर जातात. वर्षभरापासून काठमांडू, कोलंबो आणि ढाक्याहून विचारणा होते आहे. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो, चलन बदलायचं बटण टाकून देतो, तिन्ही देश एकदम सुरू करा. दिवाळीच्या आधी करावं का? पैसे कसे घ्यायचे? कस्टमचं काय?

ताई, बटण टाकायला त्या मुलाला एक दुपार पुरेल. त्यानंतर जे सुरू होतं ते मात्र तुम्हाला निस्तरायचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. न्हावा-शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, मी कामाला लागलो त्याला बावीस वर्षं झाली. गेली दहा वर्षं फक्त लहान दुकानदारांच्या निर्यातीची कामं बघतो. माझं मत सरळ आहे: तिन्ही देश एकदम नकोत. एक निवडा, आणि पहिल्या पार्सलपासून कागद चोख ठेवा. माझ्याकडे अडकलेली जी प्रकरणं येतात, त्यांत माल वाईट होता म्हणून अडकलं असं क्वचितच असतं. गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत वस्तूची किंमत किती होणार आणि त्यातलं काय कोणी भरायचं, हेच आधी ठरलेलं नसतं.

तो हिशेब आधी मांडू. समजा तुमचा एक जोड 1,500 रुपयांचा आहे. काठमांडूला एकच जोड कुरियरने पाठवायला 900 रुपये लागले असं धरू. तिथली कस्टम ड्यूटी उदाहरणापुरती 20 टक्के धरू. तुमच्या मालाचा खरा दर तिथल्या कस्टमच्या दरपत्रकात बघावा लागेल, कारण तो दर अर्थसंकल्पाबरोबर बदलू शकतो. ड्यूटी नुसत्या चपलेच्या किमतीवर लागत नाही, भाडं धरून लागते. म्हणजे 2,400 वर 480. त्यावर नेपाळचा व्हॅट 13 टक्के, तोही ड्यूटी धरून झालेल्या 2,880 वर, म्हणजे 374. कुरियरवाल्याचा तिथे माल सोडवण्याचा खर्च 200 धरला तर एकूण 3,450 च्या घरात जातं. नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला 1.60 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला तो जोड साडेपाच हजार नेपाळी रुपयांना पडला. तुमच्या वेबसाइटवर त्याने 2,400 नेपाळी रुपये वाचले होते. दारात आलेल्या माणसाने उरलेले तीन हजार मागितले की तो पार्सल घेत नाही. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तीच चप्पल तीस जोडांच्या एका खोक्यात, काठमांडूच्या एका दुकानदाराला घाऊक भावाने पाठवा. जोडाला भाव 1,050, भाडं जोडामागे 150 धरू. 1,200 वर ड्यूटी 240, मग 1,440 वर व्हॅट 187. त्याला जोड 1,627 भारतीय रुपयांना, म्हणजे 2,600 नेपाळी रुपयांना पडला. तो साडेतीन-चार हजाराला विकेल, सुटा जोड मागवणाऱ्यापेक्षा गिऱ्हाइकालाही स्वस्त पडेल आणि पायात घालून बघता येईल. तुमचा जोडामागचा नफा कमी होईल हे खरं. पण तीस जोडांची कागदपत्रं एकदाच होतील आणि परत येण्याची भानगड जवळपास संपेल. म्हणून माझा सल्ला असा की शेजारच्या देशांत तुमचं ऑनलाइन दुकान आधी नमुना दाखवायच्या कामाला लावा. विक्री तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या हातून होऊ द्या. सुटे जोड थेट गिऱ्हाइकाला विकणं ही दुसरी पायरी.

देश कुठला? माझं उत्तर नेपाळ. चलनाचा दर स्थिर आहे, त्यामुळे आज ठरवलेला भाव तीन महिन्यांनी चुकत नाही. नेपाळशी व्यवहार आपल्या रुपयात होऊ शकतो, डॉलरच्या चढउताराची चिंता नाही. माल रस्त्याने जातो: गोरखपूरवरून सुनौली आणि पलीकडे भैरहवा, किंवा रक्सौलवरून वीरगंज. हिंदी चालते, देवनागरी लिपी चालते, तुमची माहितीपत्रकं नव्याने छापावी लागली तरी मजकूर एका बसण्यात तपासता येतो. अडचणही सांगतो. नेपाळमधल्या सामान्य माणसाला परदेशी वेबसाइटवर खर्च करायला चलनाची मर्यादा असते. तिथे लोक ई-सेवा, खल्ती अशा मोबाइलवरच्या पाकिटांतून किंवा माल हातात आल्यावर रोख देतात, आणि ते पैसे थेट तुमच्या खात्यात येण्याचा सोपा रस्ता नाही. दुकानदार मात्र आपल्या बँकेमार्फत रीतसर पैसे पाठवू शकतो. त्याच्याकडे तिथला आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक आहे का, एवढं पहिल्याच फोनवर विचारा. नसेल तर तो माणूस कितीही गोड बोलत असला तरी पुढे जाऊ नका.

श्रीलंका दुसऱ्या वर्षी बघा. तिथले ग्राहक कार्डाने पैसे देतात, त्यामुळे सुटी विक्री नेपाळपेक्षा सोपी. पण 1 जानेवारी 2024 पासून तिथला व्हॅट 18 टक्के झाला आणि पादत्राणांच्या आयातीवर सेस नावाचा आणखी एक थर असू शकतो. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार 2000 पासून लागू आहे, आणि 'करार आहे म्हणजे ड्यूटी माफ' असं धरून माल पाठवणारे मी बरेच पाहिले. करारातून वगळलेल्या वस्तूंची यादी असते. तुमच्या मालाचा कोड, म्हणजे वर्गीकरणाचा क्रमांक, त्या यादीत आहे का ते आधी बघा; कोडबद्दल पुढे सांगतो. नसेल, तर सवलत मिळायला मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, ते डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवरून ऑनलाइन काढता येतं. प्रमाणपत्र मालाबरोबर गेलं नाही तर तिथल्या आयातदाराला पूर्ण ड्यूटी भरावी लागते, आणि नंतर परत मिळवणं फार कटकटीचं.

बांगलादेश सध्या नको. कारण भावनिक नाही, धंद्याचं आहे. त्यांचा स्वतःचा चामड्याचा मोठा उद्योग आहे. ढाक्याच्या हजारीबागेतले कारखाने 2017 मध्ये सावारला हलवले गेले आणि जोडे, पिशव्या तिथून जगभर जातात. साहजिकच बाहेरून येणाऱ्या तयार चपलांवर ड्यूटी, पूरक ड्यूटी, 15 टक्के व्हॅट, आगाऊ आयकर असे थरावर थर चढतात. शिवाय 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी जमिनीवरच्या सीमाचौक्यांतून जाणाऱ्या काही मालावर बंधनं आली. मोठा निर्यातदार असे धक्के पचवतो. अडीचशे जोड विकणाऱ्याचा एक खोका चौकीवर अडकला तर त्याचं महिन्याचं गणित कोसळतं. ढाक्याहून विचारणाऱ्यांना नम्रपणे कळवा की अजून सुरू केलेलं नाही. भूतानला आपल्या मालावर कस्टम ड्यूटी नाही आणि त्यांचं ङुलट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे, पण देशाची वस्ती आठ लाखांच्या आत. कोणी थिंफूहून मागितलं तर जरूर पाठवा, त्यासाठी वेगळी तयारी करत बसू नका.

एक शेजारी तुम्ही विचारला नाही, तो समुद्रापलीकडचा आहे: मॉरिशस. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी भाषकांचा समाज आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि भारताशी आर्थिक सहकार्याचा करार 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. भाडं जास्त पडतं. पण 'कोल्हापुरी' हा शब्द तिथे समजावून सांगावा लागत नाही. हे मनात ठेवा.

आता कोड. प्रत्येक वस्तूला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सहा आकडी क्रमांक असतो, आपल्याकडे तो आठ आकडी होतो. बहुतेक लहान दुकानदार बिलावर नुसतं 'लेदर स्लीपर' लिहितात आणि कुरियरवाला सुचवेल तो कोड टाकतात. तुमच्या बाबतीत हे फार दुर्दैवी ठरेल, कारण 6403 20 या क्रमांकाची व्याख्या जणू कोल्हापुरी बघूनच लिहिली आहे: चामड्याचा तळ, आणि पंजावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. तुमचा पट्टा आणि तुमचा अंगठा त्या ओळीत आहेत. रबरी तळाची कोल्हापुरी विकत असाल तर ती या क्रमांकात बसत नाही, तिचा कोड वेगळा आणि ड्यूटीही वेगळी असू शकते. दोन्ही प्रकार एकाच खोक्यात असतील तर बिलावर दोन वेगळ्या ओळी हव्यात. कोल्हापुरी, कापशी अशी नावं अवश्य लिहा, पण त्याबरोबर तळ कशाचा, वरचे पट्टे कशाचे आणि चामडं कुठल्या जनावराचं हेही लिहा. म्हशीचं असेल तर 'म्हशीचं चामडं' असं ठळक लिहा. नेपाळमध्ये गाय राष्ट्रीय प्राणी आहे, आणि तपासणाऱ्या माणसाच्या मनात शंका येऊ देण्यात कोणाचाच फायदा नाही. तुमचा माल बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेला असेल तर तेही वेबसाइटवर सांगा. कस्टमला त्याचं काही नाही, गिऱ्हाइकाला आहे.

यापुढचं मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका दुकानाचे चोवीस जोड मी कोलंबोला पाठवले. जुलै महिना होता. ड्यूटी वाचेल या विचाराने कागदावर 'नमुने, व्यापारी मूल्य नाही' असं लिहायला मीच सांगितलं. दुकानदाराचा माझ्यावर विश्वास होता. तिथे खोकं उघडलं, चोवीस जोड आणि सगळे वेगवेगळ्या मापाचे, हे नमुने कसे? विचारणा सुरू झाली आणि माल गोदामात बसला. तीन आठवड्यांनी सुटला तेव्हा घेणाऱ्याने फोटो पाठवले. प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला होता. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले, वेणीच्या प्रत्येक पेडात पांढरट-हिरवी बुरशी, गोंड्याचा लाल रंग उतरून पट्ट्यावर आलेला. ज्या कारागिराने ते जोड बांधले होते त्याच्या घरी जाऊन मी ते फोटो दाखवले. तो काही बोलला नाही, एक फोटो मोठा करून वेणीकडे बघत राहिला. त्या मालाचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. तेव्हापासून खोटं मूल्य आणि खोटा हेतू लिहून पाठवायचं काम मी घेत नाही, कोणी कितीही मोठा असो.

हे सांगायचं कारण असं की आजही हा सल्ला तुम्हाला मिळेल. 'भेटवस्तू म्हणून टाका' असं कुरियरच्या काउंटरवरचा मुलगा सहज म्हणेल. कुरियरने निर्यात करताना कस्टमसाठी दोन प्रकारची कुरियर शिपिंग बिलं असतात: सीएसबी-4 आणि सीएसबी-5. पहिलं भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी, दुसरं विक्रीच्या मालासाठी. विकलेला माल पहिल्यावर गेला तर तुमच्या नावावर निर्यात झाल्याची रीतसर नोंद राहत नाही, जीएसटीचा परतावा अडतो, आणि बँकेत आलेल्या पैशाला जोडायला कागद उरत नाही. पार्सल दिलं की 'कुठल्या सीएसबीवर टाकलं?' हा प्रश्न दर वेळी विचारा आणि प्रत मागून घ्या. टपालाने पाठवायचं असेल तर डाकघर निर्यात केंद्रं 2022 पासून सुरू झाली आहेत, देशभरात ती हजाराहून अधिक आहेत. तिथे पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट, म्हणजे टपालाने होणाऱ्या निर्यातीचा कस्टमचा कागद, ऑनलाइन भरता येतं आणि सुट्या जोडांना टपाल बरेचदा कुरियरपेक्षा स्वस्त पडतं. लहान माणसाला मी आधी तिकडेच पाठवतो.

कागदांबद्दल भराभर सांगतो, कारण ते वाटतं तेवढं अवघड नाही. डीजीएफटीच्या पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, 500 रुपयांत मिळतो. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी. अनेकांचा कोड याच एका विसरभोळेपणामुळे बंद पडतो आणि माल विमानतळावर पोचल्यावर कळतं. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेच्या क्रमांकाचं, पत्र घ्या आणि कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा. जीएसटीच्या पोर्टलवर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा, त्याला शुल्क नाही. ते भरलं की निर्यातीच्या बिलावर कर न लावता माल पाठवता येतो. एलयूटी 31 मार्चला संपतं, 1 एप्रिलला नवं हवं. जीएसटीच्या विवरणात निर्यातीच्या बिलाचा क्रमांक, तारीख आणि पोर्ट कोड (माल जिथून बाहेर गेला त्या ठिकाणाचा क्रमांक) कस्टमच्या कागदाशी अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे. परतावे अडतात ते बहुधा इथे, एखाद्या चुकलेल्या शून्यामुळे.

पैशाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. 'नेपाळ-श्रीलंकेत यूपीआय सुरू झालं' ही बातमी वाचून बरेच जण मला विचारतात की मग तिथलं गिऱ्हाईक आम्हाला क्यूआरवर पैसे पाठवेल का. 2024 मध्ये त्या देशांत जे सुरू झालं ते मुख्यतः तिकडे फिरायला गेलेल्या भारतीय माणसाने तिथल्या दुकानात पैसे देण्यासाठी. उलट दिशेने तुमच्या दुकानाचे पैसे येण्यासाठी ती सोय धरून चालू नका.

नेपाळी गिऱ्हाईक बहुतेकदा वेगळी युक्ती सुचवतं: 'माझा भाऊ दिल्लीत आहे, तो गूगल पे करतो, तुम्ही माल काठमांडूला पाठवा.' असं करू नका. माल बाहेर गेल्याची नोंद एका नावावर, पैसे आले दुसऱ्याच माणसाकडून, देशातल्याच खात्यातून; बँक ते निर्यातीशी जोडणार नाही. भावालाच खरंच विकायचं असेल तर सरळ देशातली विक्री करा: बिल भावाच्या नावाने, जीएसटी लावून, माल दिल्लीच्या पत्त्यावर. पुढे तो त्याने कसा न्यायचा हे त्याचं. तुमचा व्यवहार मात्र दोन्हीपैकी एकच काहीतरी असू द्या.

दुकानदाराकडून पैसे घ्यायचे ते बँकेतून बँकेत, माल निघण्याआधी, निदान पहिल्या तीन खेपा. निर्यातीपोटी आगाऊ रक्कम म्हणून ती आली पाहिजे, त्याचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले हे बँकेला सांगणारा क्रमांक, पी0103. बँकेला तुमच्या बिलाचा क्रमांक कळवा आणि रक्कम आल्याचा दाखला मागा. पुढे श्रीलंकेत सुटी विक्री कराल तेव्हा कार्डाचे पैसे घ्यायला क्रॉस-बॉर्डर पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करून तुमच्या खात्यात देणारी कंपनी, लागेल. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आणले. ज्याच्याकडे ती परवानगी आहे त्याच्याशीच करार करा आणि तो प्रत्येक रकमेचा दाखला देतो का ते सही करण्याआधी विचारा. त्याचं कमिशन आणि चलन बदलण्यातला फरक दोन्ही तुमच्या भावात धरा. कॅश ऑन डिलिव्हरी सीमेपलीकडे कधीच नाही. देशात तुम्हाला परत आलेला जोड पन्नास-शंभर रुपयांना पडतो, तिथून तो आलाच तर जोडाच्या किमतीपेक्षा महाग पडेल.

हा परतीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या मालात तो मापाशी येऊन थांबतो. परदेशातून परत आलेला जोड कागदावर तुमची आयात असते. तो सोडवायला पुन्हा कागद, पुन्हा कदाचित ड्यूटी, पुन्हा भाडं. तेव्हा परत येऊच नये अशी व्यवस्था हवी. तुम्ही वेबसाइटवर 6, 7, 8 असे आकडे दिलेत. काठमांडूत आणि कोलंबोत बहुतेकांना 38, 39 असे युरोपी आकडे जास्त ओळखीचे. पण कोल्हापुरीत आकड्यापेक्षा रुंदी आणि अंगठ्याची जागा महत्त्वाची. चामडं वापरात सैल होतं, म्हणून आपल्याकडे पहिल्या दिवशी थोडी घट्टच घेतात. हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, काठमांडूतल्या मुलीला कोण सांगणार? पहिल्या दिवशी अंगठा टोचला की ती म्हणणार, माप चुकलं.

माझ्या ओळखीतल्या एका दुकानाने यावर फार साधा उपाय काढला. गिऱ्हाइकाला कोऱ्या कागदावर उभं राहायला सांगायचं, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायची, त्या कागदावर शेजारी एक बँकेचं कार्ड ठेवून वरून फोटो काढायचा. कार्डाची लांबी जगभर सारखी, 85.6 मिलिमीटर, त्यामुळे फोटोवरून पाऊल किती मोठं ते बरोबर काढता येतं. कार्ड पालथं ठेवायला आणि मागचे आकडे झाकायला सांगायचं, एवढी काळजी घ्या. संध्याकाळी माप घ्यायला सांगा, दिवसभर चालून पाऊल थोडं फुगलेलं असतं. दोन्ही पायांचं घ्या. हे फोटो गोळा होत गेले की वर्षभरात तुमच्याकडे तिथल्या पावलांचं एक खातं तयार होईल, आणि दुकानदाराला पाठवायच्या खोक्यात कुठल्या मापाचे किती जोड भरायचे ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

पॅकिंगचं वर सांगितलंच. जोड सावलीत पूर्ण वाळलेला असावा, हलकं तेल लावून निदान दोन दिवस उघडा ठेवलेला. मग सुती कापड किंवा कागद, त्यात सिलिका जेलची एक पुडी, आणि पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिक फक्त बाहेरच्या खोक्याला. आकारही बघा. कुरियरवाला नुसतं वजन करत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5,000 ने भागतो आणि जे जास्त येईल ते धरतो. 30 बाय 20 बाय 10 च्या डब्यातला 700 ग्रॅमचा जोड त्याच्या हिशेबात 1.2 किलो होतो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने दीड किलोचं भाडं लागतं. तोच जोड तळाला तळ लावून 28 बाय 12 बाय 8 च्या डब्यात बसवलात तर एक किलोचं. तुमचा छापील डबा सुंदर आहे, पण सीमेपलीकडे त्याच्यासाठी अर्ध्या किलोचं भाडं मोजू नका.

आता 'दिवाळीच्या आधी' याबद्दल. नेपाळचा खरेदीचा मोसम दशैं आहे. तो आपल्या नवरात्राबरोबर घटस्थापनेला सुरू होतो, दिवाळीला त्यांचा तिहार. तिथल्या सरकारी नोकरांना दशैंआधी सणाचा भत्ता मिळतो, बाजार तेव्हा भरतो. म्हणजे माल काठमांडूच्या दुकानात घटस्थापनेच्या दोन-तीन आठवडे आधी लागलेला हवा. तो सीमेवरून जायला, सुटायला, पोचायला तीन आठवडे धरा. कोल्हापुरातून ऑगस्टच्या सुरुवातीला निघाला पाहिजे. आणि जून-जुलैमध्ये तुमच्या सुभाषनगरात काय असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता: चामडं वाळत नाही, कारागीर अर्ध्या दिवसाचंच काम करू शकतो. घाईघाईने अर्धओला जोड बांधून पाठवला तर त्या कोलंबोच्या फोटोंसारखेच फोटो तुम्हाला येतील. दशैंचा माल मे अखेरपर्यंत बांधून, वाळवून, कोरड्या खोलीत ठेवलेला हवा. त्यासाठी कारागिरांना मार्चमध्येच आगाऊ द्यावं लागेल. म्हणून या वर्षीचा सण सोडा.

सोडायचा म्हणजे नुसतं बसायचं नाही. या हिवाळ्यात काठमांडूतले तीन-चार दुकानदार निवडा. न्यू रोड, असन या भागांत फिरून बघण्यासाठी तुमच्यापैकी एकाने जाऊन येण्याचा खर्च मी तरी वाया म्हणणार नाही. कोणाला निवडलंत तर त्याच्या नावाने सहा जोड पाठवा, खरे नमुने, खऱ्या किमतीसह. त्या सहा जोडांना किती ड्यूटी लागली, किती दिवस लागले, कोणी कुठे काय मागितलं हे त्याच्याकडून पावतीसकट घ्या. वरच्या हिशेबात मी जिथे 'धरू' म्हटलंय तिथे तो खरा आकडा लिहा. तीस जोडांचा भाव त्यानंतरच सांगा.

आणि दुकानदाराशी बोलणं पक्कं होण्याआधी तुमच्या ब्रँडचं नाव नेपाळमध्ये तुमच्याच नावावर नोंदवा. ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारत 2013 पासून ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद पद्धतीत आहे, म्हणून इथून एका अर्जात अनेक देश घेता येतात, पण नेपाळ त्यात नाही. तिथे स्थानिक वकिलामार्फत वेगळा अर्ज करावा लागतो. धंदा चांगला चालला की वितरकानेच नाव स्वतःच्या नावावर करून घेतल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा मूळ मालकाला स्वतःच्याच नावाचा माल तिथे पाठवता येईना. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे, ते इथल्या कायद्याखाली आहे. काठमांडूच्या बाजारात कोणी रेक्झिनची 'कोल्हापुरी' विकली तर ते मानांकन आपोआप धावून येणार नाही. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या, प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक खोक्यात घाला. दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर ठेवायला तो कागद उपयोगी पडतो.

उधारी पहिल्या वर्षी देऊ नका. दुसऱ्या वर्षी मागितलीच, तर आधी ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे, त्या खरेदीदारावर विमा मिळतो का विचारा. त्यांचं मुख्यालय मुंबईत आहे आणि लहान निर्यातदारांसाठी त्यांच्या वेगळ्या पॉलिसी आहेत. त्यांनी त्या नावाला नकार दिला तर तुम्हीही द्या.

सहा नमुन्यांचं बिल बनवाल तेव्हा पाठवण्याआधी मला दाखवा. तळ, पट्टे, चामडं आणि कोड या चार गोष्टी मी तपासून देईन.